चोराच्या घरचा राखणदार

कर्करोगाच्या संशोधनात आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा ठरलेली मंडळी दिसतात: बिघडलेलं रास जनुक, बिघडलेलं पी-५३ जनुक. ‘सेल’ या शोधपत्रिकेच्या सप्टेंबर २००७च्या अंकात चेंगकाई दाई, ल्यूक व्हाइटसेल, आर्लिन रॉजर्स आणि सुझन लिंडक्विस्ट यांचा निबंध आला. तो मला आवडतो, कारण त्यात ज्याची झडती घेतली जाते तो मुळात बिघडलेलाच नाही.

त्याचं नाव एचएसएफ-१, पेशीतलं एक प्रथिन. पेशीला ताप चढला, विष भिनलं, प्रथिनांच्या घड्या विसकटू लागल्या की तो ठरावीक जनुकं चालू करतो. मग एचएसपी-७०, एचएसपी-९० अशी ताण-प्रथिनं भराभर तयार होतात आणि पेशी सावरते. यीस्टपासून माणसापर्यंत ही तजवीज आहे. तिची पहिली खूण फेरुच्चो रितोसा यांना दिसली ती फळमाशीच्या लाळग्रंथीत. उबवणयंत्राचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं होतं आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आले होते. हे १९६२ साली छापून आलं. लिंडक्विस्ट यांची तर उभी हयात याच प्रथिनांच्या मागे गेली.

निबंधाची मांडणी साधी आहे आणि खरी गोडी तिथेच आहे. काही उंदरांत एचएसएफ-१चं जनुक शाबूत, काहींत काढून टाकलेलं. दोघांच्याही कातडीला कर्करोगकारक रसायन लावलं. या रसायनाने रास बिघडतं आणि गाठी येतात. जनुक नसलेल्या उंदरांना त्या कितीतरी कमी आल्या. आता शंकेखोर वाचक म्हणणार, कातडीतच काही खोट असेल, रसायन नीट भिनलं नसेल. लेखकांनी ही शंका आधीच हेरलेली आहे. ते रसायन बाजूला ठेवतात आणि जन्मतःच पी-५३ बिघडलेले उंदीर घेतात. त्यांना कर्करोग व्हायला बाहेरून काही लावावं लागत नाही. तिथेही एचएसएफ-१ काढला की उंदीर गाठींपासून बचावतात. दोन अगदी वेगळ्या वाटा एकाच दाराशी येऊन थांबतात, आणि लेखक त्यावर आवाज न चढवता पुढचा प्रयोग हाती घेतात.

तो पुढचा प्रयोग निबंधाचा कळस. वेगवेगळ्या अवयवांतून आलेल्या मानवी कर्कपेशी आणि सोबत निरोगी पेशी. दोन्हीकडे एचएसएफ-१ दाबून टाकायचा. कर्कपेशींची वाढ खुंटते, त्या मरू लागतात. निरोगी पेशींचं फारसं अडत नाही. शांत दिवस काढणाऱ्या घराला राखणदाराची उणीव भासत नाही; चोरीच्या मालाने भरलेल्या घराचं मात्र त्याच्याविना एक रात्रही चालत नाही.

कर्कपेशीत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला, प्रथिनं वेडीवाकडी, प्राणवायू अपुरा. नियमाने अशा पेशीने आत्मघात करायला हवा. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर झिरपतो, अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाचे सात रेणू चाकासारखे जुळतात, त्यावर प्रथिनं कापणारं कॅस्पेज-९ जागं होतं आणि पेशी आतूनच कापली जाते. एचएसपी-७० हे होऊ देत नाही. तो अ‍ॅपाफ-१लाच धरून ठेवतो, असं दोन गटांनी २००० साली मांडलं. पुढे त्यावर वाद झाला. आत्मघात करणारा हात नेमका कुठे धरला जातो यावर मतं फुटली, धरला जातो यावर नाही.

आता थोडी तक्रार. निबंधाच्या शीर्षकात एचएसएफ-१ला ‘प्रबळ’ आणि ‘बहुआयामी’ अशी दोन विशेषणं जोडली आहेत. पहिलं आकडेच सांगत होते, लावायची गरज नव्हती. दुसरं खरं आहे, पण अवघडही. पेशींची वाढ, तगून राहणं, प्रथिननिर्मिती, ग्लुकोजचा वापर असा सगळा पसारा एचएसएफ-१च्या हाती दाखवल्यावर यातलं मुख्य कुठलं, हे वाचकाच्या हाती लागत नाही. लिंडक्विस्ट यांच्याच प्रयोगशाळेने २०१२ साली उत्तराचा एक तुकडा दिला: कर्कपेशीत एचएसएफ-१ जी जनुकं चालू करतो त्यांतली बरीच उष्णतेच्या वेळची नसतातच. म्हणजे राखणदाराने नव्या धन्याची वेगळी कामंही अंगावर घेतली होती. २००७च्या निबंधाचा शेवट या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा. एरवी प्राण्याचं आयुष्य वाढवणारं हे प्रथिन इथे त्याच्या मरणाला हातभार लावतं, एवढंच लेखक म्हणतात आणि थांबतात. इतक्या मोठ्या विरोधाभासावर इतकं कमी बोलणं मला फार भावतं.

औषधाची गोष्ट मात्र सरळ नाही. एचएसपी-९० अडवणारी औषधं बनली, पण त्याला अडवलं की एचएसएफ-१ मोकळा सुटतो आणि एचएसपी-७० वाढतो, म्हणजे पेशी मरायच्या ऐवजी तगायची सोय होते. अनेक चाचण्या फसल्या; जपानने २०२२ साली यांतल्याच पिमिटेस्पिब या औषधाला पचनमार्गाच्या एका दुर्मीळ गाठीसाठी परवानगी दिली. मग थेट एचएसएफ-१च का बंद करू नये? तो नसलेले उंदीर जगतात, पण त्यांच्यातल्या माद्या वांझ राहतात आणि जिवाणूंचं विष टोचलं तर हे उंदीर इतरांपेक्षा जास्त दगावतात.