चौदावरचा काटा

शेव्हरोलेटच्या २१६ घनइंची ट्रक इंजिनातला ऑइलचा मार्ग मला एखाद्या बांधेसूद रचनेसारखा वाचावासा वाटतो. तो नीट कळतो मात्र ऑइल पोचत नसल्याची शंका आल्यावरच. सहा सिलिंडरांचं हे पेट्रोल इंजिन १९३७ मध्ये आलं आणि १९५३ पर्यंत ट्रकांत बसत राहिलं. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला, म्हणजे या इंजिनाचा सगळा काळ त्या कारखान्याच्या हयातीतच गेला.

वाचन सुरू होतं ऑइलच्या दाबाच्या गेजपासून. त्यावरचे आकडे ३० पौंडांपर्यंतच. ट्रक रस्त्यावर धावत असताना काटा १४ च्या आसपास राहतो आणि गरम इंजिन सावकाश फिरू लागलं की बराच खाली उतरतो. नंतरच्या इंजिनांचे चाळीस-पन्नास पौंड पाहिलेल्या माणसाला हा बिघाडच वाटेल. पण इथे चौदा हा निरोगी आकडा आहे, कारण पंपाच्या दाबावर चालतं ते अर्धंच काम: चार मेन बेअरिंग, कॅमशाफ्टची बेअरिंग आणि वर रॉकर.

कनेक्टिंग रॉडची सोय निराळी आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. प्रत्येक रॉडच्या बुडाला एक छोटी पळी असते. इंजिन सावकाश फिरताना ती इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या पन्हाळीतून ऑइल उचलते. वेग वाढला की समोरच्या बारीक नळीतून ऑइलची धार सुटते आणि खाली येणारी पळी तिच्यावर आदळते. त्या आदळण्याच्या जोरानेच ऑइल व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये शिरतं. वेग जितका जास्त तितकी ही टक्कर जोरकस, म्हणजे बेअरिंगवरचा भार वाढतो तसा ऑइलचा रेटाही वाढतो. पंप लहान ठेवून एवढं साधणाऱ्या आखणीकारांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण म्हणूनच काटा रॉडबद्दल काही सांगत नाही. चेंबर उतरवताना एखादी नळी वाकली, तर गेजवर चौदा दिसत असतानाही तो रॉड कोरडा पडू शकतो.

मुळात काटा प्रवाह मोजत नाही. ऑइलला पुढे किती अडथळा होतो, तेवढंच तो दाखवतो. टॅपेट कव्हर काढून इंजिन सावकाश चालू ठेवावं. रॉकरमधून ऑइल झिरपताना दिसायला हवं. ते कोरडे असतील, कुरकुरत असतील, तर वर जाणारी बारीक नळी किंवा पोकळ रॉकर शाफ्ट गाळाने तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गेज खुशाल चांगला आकडा दाखवतं.

काटाच पडला असेल, तर आधी डिपस्टिकचा वास घ्यावा. फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मग दुसरं, खात्रीचं गेज लावून पाहावं. तेही तेच सांगत असेल तर जाळीतला गाळ, पंपाच्या गिअरांची झीज, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह. शेवटी बेअरिंगच्या फटी, कारण तो खर्च मोठा. तिथलं गणितही कठोर आहे: फट दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाला गळती आठपट होते. कोणी रिलीफच्या स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर चढवतात. त्याने झिजलेली बेअरिंग भरून निघत नाहीत, फक्त त्यांची तक्रार ऐकू येईनाशी होते. मला हा त्या इंजिनावरचा अन्यायच वाटतो.

नळ्यांचा नेम तपासायचीही सोय होती. उतरवलेल्या चेंबरवर भोकांची पट्टी बसवायची, नळ्यांमधून पाणी सोडायचं आणि प्रत्येक धार आपापल्या भोकातून जाते का ते पाहायचं. चुकली तर नळी हलकेच वाकवायची. चेंबर एकदा उघडलेल्या इंजिनात ही तपासणी मी कधीच ऐच्छिक मानणार नाही. रॉडचा ठोका ऐकू येत असेल, तर एकेका प्लगची वायर काढत जावं. ज्या सिलिंडरवर ठोका मंदावेल, चेंबर उतरवल्यावर आधी त्याच रॉडची नळी पाहावी, मग बेअरिंग.