जेवणघराला काय म्हणायचे?

ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांवरची दोन इंग्रजी पुस्तके आणि लखनौच्या एका लेखिकेची हिंदी कादंबरी मी एकापाठोपाठ वाचली. शिबिरे अमेरिकेतली, कादंबरी कोकणातून निघालेल्या बेने इस्रायलींची. तिन्हींत मला एकच प्रश्न दिसत राहिला: घराच्या उंबऱ्याबाहेर जी भाषा कुणी बोलत नाही, ती मुलाच्या अंगवळणी कशी पाडायची? मी अमौसीत राहते. इथे मराठी घरात सुरू होते आणि दारातच संपते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही.

सँड्रा फॉक्स यांचे ‘द ज्यूज ऑफ समर’ (2023) दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांतल्या शिबिरांचा इतिहास सांगते. युरोपातले ज्यू जग उद्ध्वस्त झाले होते, अमेरिकेतली ज्यू कुटुंबे सुखवस्तू होऊन उपनगरांत स्थिरावत होती, आणि वडीलधाऱ्यांना धास्ती होती की ही मुले फक्त अमेरिकन होऊन राहतील. उपाय सुचले ते एकमेकांशी न पटणारे. 1941 साली सुरू झालेल्या मसाद शिबिराला मुलांनी हिब्रूत जगायला हवे होते. 1947 साली विस्कॉन्सिनमध्ये निघालेल्या रामाला हिब्रूबरोबर धर्माचरणही हवे होते. 1959 च्या हेमशेखमागे युरोपातून वाचून आलेली, समाजवादी बुंड चळवळीतली माणसे होती; त्यांची भाषा यिडिश. ‘हेमशेख’चा अर्थच मुळी ‘सातत्य’.

फॉक्स दाखवतात की ध्येये वेगळी असली तरी हत्यार सगळ्यांचे एकच होते: दिनक्रम. उठणे, खोली झाडणे, एकत्र जेवणे, पोहणे, गाणी, नाटक, दिवे मालवणे. विचारसरणी व्याख्यानातून शिकवण्यापेक्षा ती वेळापत्रकात विरघळवायची. या दृष्टीने तिशा बेआववरचे विवेचन मला पुस्तकातले सर्वांत मोलाचे वाटले. ज्यू पंचांगातले बहुतेक मोठे सण शाळेच्या दिवसांत येतात; शिबिराच्या वाट्याला येतो तो जेरुसलेमच्या मंदिरांच्या विध्वंसाचा हा उपवासाचा दिवस. खेळाच्या आणि पोहण्याच्या दिवसांमध्ये मुलांना एक रात्र शोकात बसवायचे, आणि त्या शोकातून त्यांना आपण कोण हे कळेल अशी आशा धरायची! ही आशा कितपत फळली, याबाबत फॉक्स भाबड्या नाहीत. त्यांच्या शिबिरातली मुले मातीचे गोळे नाहीत. ती ऐकतात, टाळतात, थट्टा करतात, प्रेमात पडतात आणि मोठ्यांच्या योजनेतून आपल्याला हवे तेवढेच उचलतात.

दुसरे पुस्तक ‘हिब्रू इन्फ्यूजन’ (2020), सारा बुनिन बेनोर, जोनाथन क्रॅस्नर आणि शॅरन अव्नी यांचे. ते भाषेकडे अधिक बारकाईने पाहते आणि एक अडचणीची गोष्ट सरळ मांडते. आज बहुतेक शिबिरांत मुले हिब्रू बोलत नाहीत. ती इंग्रजीच बोलतात, पण त्यात जेवणघर ‘हदर ओखेल’ असते, दवाखाना ‘मिर्पाआ’ असतो, मुलांची काळजी घेणारा ताई-दादा ‘मदरिख’ असतो. वाक्य इंग्रजी, नामे हिब्रू. याला कुणी भाषेचा पराभव म्हणेल. लेखकांचे म्हणणे असे की हिब्रू इथे संवादाचे साधन म्हणून कमी आणि आपलेपणाची खूण म्हणून जास्त वावरते, आणि तिचे मोल त्या कामावरून ठरवावे.

हे मला अर्धेच पटते. खूण उरली की माणसे समाधान मानतात आणि भाषा शिकवण्याचा तगादा सुटतो, ही भीती आहेच. पण एक गोष्ट नाकारता येत नाही: या शब्दांना पोटाची भूक आणि खरचटलेला गुडघा चिकटलेला आहे. मुलाला तो शब्द भाषणातून मिळालेला नाही, जेवणाच्या रांगेत मिळाला आहे.

दोन्ही पुस्तकांना अमेरिकेची चौकट आहे, म्हणून त्यांत कोकण नाही ही तक्रार अन्यायाची ठरेल. तरीही मराठी वाचकाला एक गृहीत खटकते. भाषा टिकवायची तर मुलाला घरापासून दूर न्यावे लागते, असे ही शिबिरे धरून चालतात. बेने इस्रायलींचा इतिहास याच्या उलट आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या या ‘शनवार तेल्यां’नी शनिवारी घाणा बंद ठेवला आणि बाकीचे सहा दिवस गावाच्या भाषेत व्यवहार केला. मराठी त्यांना टिकवावी लागली नाही. ती शेजारात होती. उलट धर्मच मराठीत आणावा लागला. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरातले सर्वांत लहान मूल ‘आजची रात्र वेगळी का?’ असे विचारते, तो विधी त्या पोथीमुळे मराठी अर्थासह कोकणी घरांत पोचला. 1874 च्या पुण्याच्या हगादेतल्या चित्रांत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत, जमिनीवर बसलेल्या आहेत. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रंगू लागली. या सगळ्यात मूल घरातच होते.

मग ती भाषा पुढच्या पिढीच्या साहित्यात कुठे गेली? निसिम इझिकेल इंग्रजीत लिहीत राहिले, इंदिरा संतांच्या कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या. मीरा महादेवन यांनी ‘अपना घर’ (1961) हिंदीत लिहिली. आणि लखनौच्या शीला रोहेकर यांनी ‘मिस सैम्युएल: एक यहूदी गाथा’ (2013) हिंदीतच. त्यांच्या आडनावात रोहा आहे, पुस्तकात मराठी मुळाच्या कुटुंबाच्या पिढ्या आहेत, आणि ते सांगणारी आहे उतारवयातली एक अविवाहित स्त्री. शिबिरांच्या पुस्तकांनंतर हे निवेदन अधिकच एकाकी वाटते. तिकडे शंभर मुलांना एक आठवण देण्याची खटपट. इकडे अनेक पिढ्यांची आठवण एकटीच्या डोक्यावर. कादंबरीचे बळ या ओझ्यातच आहे. समाज संख्येने विरळ होतो म्हणजे काय, हे ती आकड्यांशिवाय सांगते: ऐकणारे मूल समोर नसते.

इथे आपल्या मराठी मंडळींकडे वळणे भाग आहे. लखनौला मराठीचा वारसा लहान नाही. 1926 साली भातखंड्यांनी इथे संगीत महाविद्यालय उभे केले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत मुलांना मराठी मिळते ती बहुधा गणेशोत्सवाच्या मंचावर. पाठ केलेले नाट्यगीत, नऊवारी, टाळ्या. मंचावरून उतरताच मूल मैत्रिणीशी हिंदीत भांडते. माझी नात पसायदान न अडखळता म्हणते आणि चप्पल सापडली नाही तर ती हिंदीत शोधते. मला या दोन पुस्तकांनी बोचले ते इथे. आपण मुलांना मराठीचे दागिने दिले, रोजची भांडी दिली नाहीत.

शिबिर हा त्यावरचा उपाय आहे असे मी म्हणत नाही. मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत, बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था वाढली. तिथे कुठलीही भाषा वाचवायची नव्हती. मुलाला दिवसभर सांभाळायचे, खाऊ घालायचे, निजवायचे होते. एका बेने इस्रायली कादंबरीकर्तीने मुलांसाठी उभारलेला हा तंबू मला अमेरिकन शिबिरांच्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो. दोन्हीकडे मोठ्यांनी मुलाच्या दिवसाचा तासन्‌तास विचार केला आहे. फॉक्स आणि बेनोर यांची पुस्तके त्या विचाराची किंमत दाखवतात, त्यातली जबरदस्तीही लपवत नाहीत. रोहेकरांची कादंबरी दाखवते की तो विचार थांबला की सांगणारा उरतो आणि ऐकणारा जातो.

तिन्ही पुस्तके वाचून संपल्यावर हाती एक साधी कसोटी राहते. मुलाला भाषा येते का हे विचारताना कविता म्हणायला लावू नये. ताप आल्यावर ते पाणी कोणत्या भाषेत मागते, तेवढे पाहावे.