वचन आणि बोध

दिवाळी अंकातले समीक्षेचे पान म्हणजे फराळाच्या ताटातली लोणच्याची फोड. चकली-अनारशांइतका मान तिला मिळत नाही, पण ती नसली की गोडाचा गोडवाही कळेनासा होतो. ही फोड वाढताना मी कादंबरी किंवा कवितासंग्रह घेतलेला नाही. ज्या लेखनाकडे आमच्या समीक्षकांनी सहसा पाहिलेच नाही, त्याविषयी चार शब्द लिहिणार आहे. बायबलातला एक लहानसा उतारा घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा, रोजच्या व्यवहारातला एक दाखला द्यायचा आणि शेवटी वाचकाच्या पदरी एक बोध बांधायचा, असे हे लेखन असते. पान-दीड पानात सारा कारभार आटोपतो.

मी राहतो ते नरडाणा धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यात आहे. एका अंगाने मुंबई-आग्रा रस्ता, दुसऱ्या अंगाने सुरत-भुसावळ लोहमार्ग, यांमुळे नाना तऱ्हेची माणसे आणि त्यांची वाचने येथून जातात. पश्चिमेकडे नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. तिकडचा एखादा प्रवासी गाडीत शेजारी बसला की खिशातून बोटभर जाडीची पुस्तिका काढतो आणि त्या दिवसाचे पान वाचतो. अशा पुस्तिका मीही मागून वाचल्या आहेत. मी ख्रिस्ती नाही. परंतु मराठीत लिहिलेले जे जे असेल ते आपलेच, या हक्काने वाचतो.

या प्रकाराची ठेवण आपल्याला परकी वाटू नये. कीर्तनकार पूर्वरंगाला एक अभंग घेतो, त्याचे पदर उलगडतो आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच अर्थ श्रोत्यांच्या गळी उतरवतो. तीच ही रीत, फक्त आटोपशीर. युरोपातही ती जुनीच. जर्मनीतील हेर्नहूट गावच्या मोराव्हियन मंडळींनी दिवसाला एक वचन देणारी पुस्तिका १७३१ साली प्रथम छापली आणि ती परंपरा अजून चालू आहे. मराठीत तर हा झरा त्याहून आधी फुटला. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा बायबलातली कथा सांगायला त्याने आपली ओवीच घेतली. पुढे १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघाले. १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या मराठी भागाचे संपादन रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे होते. ख्रिस्ताची गोष्ट मराठी माणसाला मराठी वळणानेच सांगितली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

पंडिता रमाबाईंनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झटापट करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. अल्पशिक्षित बाईलाही ते वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने पांडित्य बाजूला ठेवून घरकाम करणाऱ्या बाईची भाषा शोधावी, यातच बोधलेखनाचा पहिला नियम आला. ज्याच्यासाठी बोध, त्याच्या घरातून शब्द आणावेत.

आता प्रश्न असा की या प्रकारातले चांगले कोणते आणि सुमार कोणते? ‘भक्तीचे लेखन आहे, त्याला काय तपासायचे?’ असे कोणी म्हणेल. पण हे लेखन माणसाच्या वागण्यात हात घालते. कवितेचा अर्थ चुकला तर फार तर परीक्षेतले गुण जातात, बोधाचा अर्थ चुकला तर कोणाचे तरी आयुष्य जाते. म्हणून येथे तपासणी अधिक कसून हवी.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त पाहा. शेतकरी बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते, ते पाखरे खातात. काही खडकाळीवर पडते, ते लगेच उगवते आणि लगेच करपते. काही काट्यांत घुसमटते. आणि जे चांगल्या जमिनीत पडते ते तीसपट, साठपट, शंभरपट येते. यावरचा ठरावीक बोध असा : ‘वाचका, तू चांगली जमीन हो.’ बोध खोटा नाही, पण गुळगुळीत आहे. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला, “वाटवर बी कसाले टाकं भाऊ त्यानी?” पाभरीने ओळीत पेरणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. तिकडे बी मुठीने फोकून पेरत. आधी पेरून मागून नांगर फिरवण्याचीही चाल होती, असे काही अभ्यासक सांगतात. एवढे कळल्यावर तो म्हणाला, खडक जमिनीने आपले आपण थोडेच काढायचे? दगड वेचावे लागतात, काटे खणावे लागतात. ते काम धन्याचे.

पाहा, बोध कुठल्या कुठे गेला! ‘तू चांगला हो’ असे समोरच्याला बजावणारे वचन आता सांगणाऱ्यालाच विचारू लागले : ‘तू कोणाच्या शेतातले दगड वेचलेस?’ मोठ्या टीकाग्रंथातही क्वचित सापडणारी ही दृष्टी त्या माणसाला हातातल्या कामाने दिली होती. बहिणाबाई चौधरींच्या खानदेशात याचे नवल वाटू नये. दुसरा नियम येथे सापडतो. उताऱ्यातली वस्तू, मग ते बी असो, पीठ असो की नाणे, आधी वस्तू म्हणून नीट पाहावी; तिच्यावर घाईघाईने सद्गुणाचे लेबल डकवू नये.

तिसरा नियम उतारा कापण्याविषयी. बायबलातले अध्याय आणि वचनांचे आकडे मुळातले नव्हेत. अध्याय पडले ते तेराव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या हातून. आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे रोबेर एस्तियेन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. सोय मोठी झाली. पण सोयीबरोबर कात्रीही आली. आकडा आहे म्हणून वचन सुटे उचलता येते, आणि सुटे उचलले म्हणजे त्याला हवे तिकडे वळवता येते.

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट घ्या. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक भरभरून टाकतात. एक गरीब विधवा दोन दमड्या टाकते. आणि येशू शिष्यांना सांगतो की तिने सर्वांहून अधिक टाकले, कारण तिने आपली सारी उपजीविकाच टाकली. बोध ठरलेला : ‘असेल नसेल ते देऊन टाका.’ आता मार्काच्या शुभवर्तमानात ही गोष्ट जेथे आहे तेथे जाऊन मागचे-पुढचे वाचा. तिच्या आधीच लांब झगे घालून मिरवणाऱ्या आणि विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत. तिच्यानंतर लगेच तो म्हणतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये ती विधवा उभी आहे. मग तिच्याकडे बोट दाखवताना त्याच्या स्वरात निव्वळ कौतुक होते, की त्यात कळवळाही होता? अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत, आणि असावेत. परंतु ज्या बोधकाराला हा प्रश्न पडलाच नाही, त्याने उतारा वाचला नाही, केवळ कापला, असे मी म्हणेन. आणि तो कापलेला तुकडा घेऊन कोणी गरिबाकडे वर्गणी मागायला गेला, तर विधवांची घरे गिळणाऱ्यांत त्याची गणना का करू नये?

असेच दुसरे वचन, गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील या अर्थाचे. दान टाळणाऱ्याला हे फार आवडते. पण ज्या जुन्या अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे मोशेच्या पाचव्या ग्रंथात, या विचाराचे मूळ आहे, तेथे त्याच दमात पुढे आज्ञा आहे की म्हणून आपल्या गरजू भावासाठी हात सैल सोड. अर्धे वाक्य उचलले की कंजुषीला धर्माचा आधार मिळतो. पूर्ण वाचले की मूठ उघडावी लागते.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त तर आमच्या मुलखात कापूस वेचणाऱ्या बायांसमोर वाचून पाहावा. मळेवाला पहाटे मजूर लावतो, दिवस चढल्यावर आणखी लावतो, शेवटची तुकडी दिवस मावळायला तासभर असताना लावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. यावर ‘मिळेल त्यात समाधान माना, मालकाशी वाद घालू नका’ असा बोध वाचण्यात येतो. वेचणीची मजुरी किलोवर मोजून घेणाऱ्या बाईला तो मुळीच पटणार नाही, आणि न पटण्यात तिची चूक नाही. दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी; म्हणजे एका घराची चूल पेटण्याइतकी रक्कम. शेवटचे मजूर आळशी नव्हते. आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते स्वतः सांगतात. संध्याकाळी त्यांच्याही घरी पोरे भुकेली आहेत, हे मळेवाल्याने ओळखले. पहाटेच्यांचे त्याने काही कापले नाही. म्हणजे हा दृष्टान्त मजुराच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठी नसून मालकाच्या हिशेबात माणुसकीचा रकाना वाढवण्यासाठी आहे. बोध कोणाच्या अंगावर पडतो, ते पाहावे. तो नेहमी दुबळ्याच्याच अंगावर पडत असेल, तर सांगणाऱ्याची नजर तिरपी आहे.

हे सारे मी का लिहितो, त्याचे कारण सांगतो. एका गावी एका बैठकीत मी एक प्रवचन ऐकले. श्रोत्यांत एक बाई होती. नवरा पिऊन मारतो हे सर्वांना ठाऊक होते. वचन होते एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याचे. वक्त्याने तिच्याकडे पाहत सहनशीलतेचा बोध केला आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. वाचकहो, त्या वेळी मला वाटले की समीक्षा ही केवळ ग्रंथालयात करायची गोष्ट नव्हे. मत्तयाच्या पाठात उजवा गाल असा स्पष्ट शब्द आहे. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे तर पालथा हातच लागतो. तो तडाखा वरच्याने खालच्याचा अपमान करण्याचा, आणि दुसरा गाल पुढे करणे म्हणजे ‘मी तुझ्या पायाखालचा नाही’ हे ताठ मानेने दाखवणे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो कोणाला ओढाताणीचा वाटला तर सोडून द्यावा. पण योहानाच्या शुभवर्तमानात, चौकशीच्या वेळी एका शिपायाने खुद्द येशूला चपराक मारली, तेव्हा तो मुकाट राहिला नाही. माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर का मारलेस, असे त्याने विचारले. वचन देणाऱ्याने स्वतः ते कसे पाळले, हे सांगण्याचे सोडून त्या बाईला गप्प बसवणे म्हणजे बोध नव्हे. तो त्या नवऱ्याचा वकील झाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथातून बोध काढण्याचा मराठीतला एक उत्तम नमुना आमच्या धुळ्यातच घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. तीच ‘गीता प्रवचने’. ग्रंथ वेगळा, धर्म वेगळा. पण कसोटी तीच. तेथे सांगणारा आणि ऐकणारे एकाच कोठडीचे. जे सांगायचे त्याची किंमत सांगणारा आधीच मोजत होता. आणि याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले, म्हणजे बायबलातली वचने निवडण्याचे हेच काम त्यांनीही केले. निवड करणे दोषास्पद नाही. निवडताना स्वतःला वगळणे दोषास्पद आहे. हल्लीच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते याच मराठी वळणाच्या दीर्घ परंपरेतले. २०२४ साली ते गेले; पुस्तक घराघरांत राहिले आहे.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा शेवटी दिव्याचेच वचन घेऊ. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, म्हणजे तो घरातल्या सर्वांना उजेड देतो, असा त्या उताऱ्याचा आशय. घर एकाच खोलीचे असले पाहिजे, तरच एक दिवा सर्वांना पुरतो. आणि माप म्हणजे आमच्या पायलीसारखे धान्य मोजण्याचे भांडे. त्या घरात उजेड मालकाला वेगळा आणि मोलकरणीला वेगळा असा वाटता येत नाही. ज्या बोधाचा उजेड एकाच कोपऱ्यात पडतो, त्यावर कोणी तरी पायली पालथी घातली आहे, असे खुशाल समजावे. आम्हा समीक्षकांच्या हाती तर मापच असते. त्याने धान्य मोजावे, दिवा झाकू नये, एवढे पथ्य मीही पाळायला हवे. तेव्हा वाचकहो, एखादे वचन कोणी तुमच्यापुढे ठेवले तर त्याच्या आधीची दहा वाक्ये आणि नंतरची दहा वाक्ये वाचा, आणि सांगणाऱ्याला विचारा की यात तुमच्या वाट्याला काय आले. फराळ गोड लागो.