स्पीडस्टर: पत्र्याची आणि फायबरची

पोर्शे ३५६ स्पीडस्टरचं सगळं सौंदर्य एका रेषेत आहे. हेडलाइटपासून निघून ती दारावर किंचित खाली उतरते आणि मागच्या चाकावर पुन्हा भरून येते. फायबरग्लासच्या चांगल्या प्रतिकृतीत ही रेषा शाबूत असते. फरक वाचायचा तो दाराच्या फटीत.

१९५४ ते १९५८ या काळातली मूळ स्पीडस्टर पोलादी पत्र्याची. श्टुटगार्टच्या रॉयटर कारखान्यात पत्रे वेल्ड करायचे, सांध्यांत शिसं भरायचं, घासायचं आणि दार त्याच बॉडीला जुळवून बसवायचं. म्हणून दारांवर आणि झाकणांवर गाडीच्या क्रमांकातले शेवटचे आकडे ठोकलेले सापडतात. पत्रा पातळ, त्यामुळे कडा रेखीव. फायबर जाड असल्याने तीच कड गोलसर होते.

पण फायबरचं काम कमी दर्जाचं, असं मी म्हणणार नाही. त्यात क्रमच उलटा आहे. साच्यात आधी जेलकोट, त्यावर काचतंतूंचे रेझिनमध्ये भिजवलेले थर. डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग सर्वांत आधी तयार होतो, आणि साच्यात राहिलेली चूक प्रत्येक गाडीत उतरते. फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते; इथे प्रत्येक दिव्याला वेगळी तार ओढावी लागते.

मोठा भेद भार पेलण्यात. मूळ गाडीत बॉडी आणि तळ वेल्ड होऊन एकजीव झालेले. प्रतिकृतीत फायबर हे मुख्यतः आवरण. भार घेतो खालचा, बहुधा फोक्सवॅगन बीटलचा, तळ. बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, ३५६चा २१००. म्हणून तळ मधून कापून सुमारे ३० सेंटिमीटर आखूड करतात आणि पुन्हा जोडतात.

इथेच मला ही प्रतिकृती मनापासून आवडू लागते. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी पहिली ३५६ उभी राहिली तीही फोक्सवॅगनचे भाग वापरून. आणि तिथल्या गाड्यांची बॉडी हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची होती. म्हणजे पोलाद हीसुद्धा या आकाराची पहिली काया नव्हे. फायबरची स्पीडस्टरही आपल्या पूर्वजासारखी फोक्सवॅगनच्याच भागांवर उभी आहे, आणि तिला निव्वळ नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.

घेणाऱ्याने एवढं करावं: चकचकीत बॉडीवर न भुलता खाली वाकून तो कापून जोडलेला तळ बघावा. फायबर गंजत नाही, तळाचा पत्रा गंजतो.