तुरीचे वाण आणि 'भरपूर विविधता'

कडधान्यांवरचा एक ठराविक पेपर असतो. तुरीचे वीस-पंचवीस वाण, कोवळ्या पानांतून काढलेला डीएनए, दहा-पंधरा प्रायमर, जेलवर बँड दिसला तर १ नाही तर ०, आणि शेवटी डेंड्रोग्राम, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारी झाडासारखी आकृती. निष्कर्षही ठरलेला: भरपूर विविधता आढळली, पैदाशीला उपयोगी.

हे 'भरपूर' कुठून येतं ते बघा. लागवडीतले तुरीचे वाण एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की बरेचसे मार्कर त्यांच्यात फरकच दाखवत नाहीत. मग यादीत एखादी रानतूर, बहुतेकदा कजानस स्कॅरॅबिऑइडिस, घातली की टक्केवारी लगेच उडी मारते. आकडा खोटा नसतो, पण तो रानतुरीमुळे आलेला असतो. तिला वगळून आकडा पुन्हा काढा, एवढं तरी परीक्षकांनी मागावं की नाही?

माझा खरा आक्षेप मात्र नमुन्यावर आहे. हरभरा जवळपास पूर्ण स्वपरागित, तिथे दोन-तीन झाडांवर भागतं. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, परपरागण होतं. त्यामुळे शेतकऱ्याकडची गावरान तूर म्हणजे मिश्रणच. त्यातल्या एकाच झाडाचा डीएनए घेऊन अख्ख्या वाणाचं नाव लावायचं, म्हणजे एका घरात जाऊन गावाची जनगणना झाली म्हणायचं! त्यात मार्कर आरएपीडी असेल तर आणखी पंचाईत: जनुकखुणेची एक प्रत असो वा दोन, बँड सारखाच, शिवाय दुसऱ्या लॅबमध्ये तोच बँड येईल याची खात्री नाही. एसएसआरमध्ये दोन्ही प्रती वेगळ्या दिसतात, हे चांगलंच. पण झाड एकच असेल तर एसएसआर तरी काय करणार?

आता तर सबबही उरलेली नाही. 'आशा' या वाणाचा जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, २०१७ मध्ये २९२ नमुन्यांच्या जीनोमवाचनाचा अभ्यास आला. लहान लॅबला तेवढा खर्च झेपत नाही, मान्य. पण प्रत्येक वाणाची दहा-पंधरा झाडं घ्यायला सिक्वेन्सर लागत नाही.

आणि हे फक्त पेपरापुरतं राहत नाही. अशा आकृत्या बघून संकरासाठी आई-बाप निवडले जातात, 'एकसारखे' म्हणून नमुने वगळले जातात. हे मार्कर बहुतेक तटस्थ असतात. मर किंवा वांझ रोगाला तोंड देणारं जनुक नेमकं त्या वगळलेल्या पिशवीत असेल, तर डेंड्रोग्राममध्ये ते दिसणार नाही.