अडीचशें शब्दांचा निबंध

परीक्षणासाठीं आलेल्या पुस्तकाचे वाचक किती, हा प्रश्न टीकाकारानें विचारूं नये असा संकेत आहे. परंतु आज मी ज्या लेखनप्रकाराविषयीं लिहिणार आहें, त्याच्या वाचकसंख्येपासूनच आरंभ करणें भाग आहे. या प्रकारांतील प्रत्येक लेखास एक-दोनच वाचक मिळतात. ते लेखकास ओळखीत नाहींत; लेखकास त्यांचें नांव कधीं कळत नाहीं; आणि एकदां वाचून झालेला लेख पुन्हा कोणी हातीं धरीत नाहीं. असें असूनहि एखाद्या कुटुंबाची पुढील वीस वर्षें त्या लेखावर अवलंबून असतात. परदेशीं नोकरीस किंवा कायमच्या वास्तव्यास जाऊं इच्छिणाऱ्यांनीं जी इंग्रजीची परीक्षा द्यावयाची, तींतील २५० शब्दांचा निबंध हा तो लेखनप्रकार होय. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर आज जितक्या काळजीनें हा निबंध लिहिला जातो, तितक्या काळजीनें दुसरें कांहीं लिहिलें जात असेल असें मला वाटत नाहीं. मग त्याचें परीक्षण कोणी कां करूं नये?

प्रथम परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९८० सालीं सुरू झालेल्या एका परीक्षेची सुधारून वाढविलेली ही आवृत्ति १९८९ पासून आयईएलटीएस या नांवानें चालू आहे. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज व ऑस्ट्रेलियांतील आयडीपी या तीन संस्था तिच्या मालक आहेत. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे चार भाग. श्रवणास सुमारें अर्धा तास, वाचनास एक तास, लेखनास एक तास, आणि परीक्षकाशीं बोलण्यास ११ ते १४ मिनिटें. लेखनाच्या तासांत १५० शब्दांचें एक वर्णन व २५० शब्दांचा एक निबंध लिहावयाचा असतो. त्यांत निबंधाचें वजन दुप्पट. श्रेणी ० पासून ९ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीनें चढत जाणारी. परिचारिका म्हणून इंग्लंडांत नांव नोंदविण्यास वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनांत ६.५ ही श्रेणी लागते. मिळालेली श्रेणी सामान्यतः दोन वर्षें चालते. नंतर आपलें इंग्रजी शिळें झालें असें समजावयाचें!

वेशीवर भाषेची परीक्षा घेण्याची कल्पना मात्र नवी नाहीं. १८९७ सालीं नाताळच्या वसाहतीनें असा कायदा केला कीं, युरोपीय भाषेंत ठराविक अर्ज लिहितां न येणाऱ्यास आंत घेऊं नये. कायद्यांत हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता. रोख मात्र त्याच्यावरच होता, आणि त्या वेळीं तेथेंच असलेल्या गांधींस तो तत्काळ ओळखूं आला. तीच युक्ति ऑस्ट्रेलियानें १९०१ सालीं उचलली. तेथील अधिकारी नको असलेल्या प्रवाशास एखाद्या युरोपीय भाषेंतील ५० शब्द लिहावयास सांगत, आणि भाषा कोणती हें अधिकारीच ठरवीत. १९०९ नंतर त्या परीक्षेंत एकहि मनुष्य उत्तीर्ण झाला नाहीं, कारण ती नापास करण्यासाठींच होती. १९३४ सालीं एगॉन किश या प्रागच्या लेखकास अनेक भाषा येतात असें पाहून त्याला स्कॉटलंडांतील गेलिक भाषेंत परीक्षा देण्यास सांगण्यांत आलें. शेवटीं वरिष्ठ न्यायालयानें, कायद्याच्या अर्थानें गेलिक ही युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय देऊन त्याची सुटका केली. हा श्रुतलेखनाचा प्रकार १९५८ पर्यंत कायद्यांत होता.

या पूर्वजांच्या मानानें आजची परीक्षा पुष्कळच सज्जन आहे, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. ती कोणाचा वर्ण विचारीत नाहीं. कशास गुण मिळणार हें ती आधीं छापून सांगते: प्रश्नाला दिलेलें उत्तर, विचारांची संगति, शब्दसंपत्ति, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकपणा. चारांस सारखें वजन. हे चार निकष मी प्रथम वाचले तेव्हां मला आश्चर्य वाटलें. कारण निबंधाविषयीं इतकें स्पष्ट बोलणें मला माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत क्वचितच साधलें आहे. म्हणून माझी तक्रार परीक्षेविरुद्ध नाहीं. तिच्याभोंवतीं जें वाङ्मय वाढलें आहे, त्या मार्गदर्शक पुस्तकांविरुद्ध आणि तयार निबंधांविरुद्ध ती आहे. पण ती मांडण्यापूर्वीं मला एक कबुलीजबाब दिला पाहिजे.

मालवणजवळच्या एका वाडींतील माझी जुनी विद्यार्थिनी गोव्यांतील एका रुग्णालयांत चार वर्षें परिचारिका होती. बापूस रापणीवर जाणारा. घरीं आजारी आवस व धाकटा भाऊ. परीक्षेच्या तयारीसाठीं ती माझ्याकडे आली. सरावाचा विषय होता: वृद्धांची शुश्रूषा घरच्या माणसांनीं करावी कीं संस्थांनीं, दोन्ही बाजू मांडून आपलें मत द्यावें. तिनें लिहिलेल्या पहिल्या निबंधांत व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. काळ वाटेल तसे बदलत होते, आणि मालवणी वाक्यरचना इंग्रजी शब्दांआडून डोकावत होती. परंतु त्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. ते मुलीच्या हातून औषध घेत, परिचारिकेच्या हातून घेत नसत; आणि तरीहि घरीं असतांना त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तिनें लिहिलें होतें तें असें: मुलीजवळ माया होती, पण रोग्याला कुशीवर कसें वळवावें हें मायेला ठाऊक नसतें. म्हणून संस्थेनें रोगी नेण्याऐवजीं घरच्यांना हें कौशल्य शिकवावें, असा तिचा निष्कर्ष होता.

तें वाक्य मीं तांबड्या शाईनें खोडलें. समासांत लिहिलें, 'वैयक्तिक, गाळावें.' आणि बाजारांत मिळणारें एक मार्गदर्शक पुस्तक तिच्या हातीं दिलें.

महिन्यानें तिनें आणलेला निबंध निर्दोष होता. पहिल्या वाक्यांत हा विषय अलीकडे फार चर्चिला जातो असें म्हटलें होतें. दुसऱ्यांत दोन्ही पक्षांस आपापलें महत्त्व आहे असें. पुढें एका बाजूस, दुसऱ्या बाजूस, शिवाय, तथापि, सारांश, अशा जोडशब्दांच्या खुंट्यांवर वाक्यें ओळीनें टांगलेली. शेवटीं समतोल साधला पाहिजे, हा उपदेश. मीं वाचून मान हलविली. तेव्हां ती म्हणाली, "सर, ह्या सगळां बरां आसा, पण ह्येच्यात मी खंय आसंय?" मीं तिला सांगितलें कीं, परीक्षकास तूं कोण आहेस याच्याशीं कर्तव्य नाहीं. ती परीक्षेस बसली. इतर तीन भागांत तिला ७ किंवा अधिक श्रेणी मिळाली, लेखनांत ६. अर्ध्या पायरीनें दार बंद झालें, आणि परीक्षाशुल्काचे सतरा-अठरा हजार रुपये गेले ते निराळेच.

त्या रात्रीं मीं तो दुसरा निबंध पुन्हा, या वेळीं टीकाकाराच्या दृष्टीनें, वाचला. त्यांतील 'वृद्ध' हा शब्द काढून त्या जागीं 'वाहतूक' हा शब्द घातला. निबंध तसाच उभा राहिला. 'प्लॅस्टिक' घातला, तरीहि एकाच वाक्याला थोडा धक्का बसला. ज्या लेखांतून विषय काढून घेतला तरी लेखास कळत नाहीं, त्या लेखाला विषय नव्हताच, असें मी वर्गांत नेहमीं सांगत आलों आहें. मग परीक्षेच्या पहिल्याच निकषावर, म्हणजे प्रश्नाला उत्तर दिलें आहे काय यावर, हा निबंध कसा टिकावा? पाठ केलेली भाषा ओळखून तिला कमी लेखावें असें परीक्षकांच्या प्रसिद्ध निकषांतच सुचविलें आहे. म्हणजे या मार्गदर्शक वाङ्मयाचा दोष तें फार व्यवहारी आहे हा नव्हे. तें पुरेसें व्यवहारीहि नाहीं. ज्या कामासाठीं त्याची किंमत घेतली जाते, तेंच त्याच्या हातून नीट होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सांचा हाच दोष आहे. हें मला पटत नाहीं. आमच्या कोंकणांत देवापुढें गाऱ्हाणें घालतात. त्याच्याइतका ठराविक वाङ्मयप्रकार शोधून सांपडणार नाहीं. देवतांना हाका मारण्याचा क्रम ठरलेला, विनवणीचें वळण ठरलेलें, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांचा 'व्हय महाराजा' ठरलेला. तरीहि गाऱ्हाणें पोकळ वाटत नाहीं. कारण त्या ठरलेल्या चौकटीच्या मध्यभागीं अमक्या घरचा, अमक्याचा मुलगा, त्याची अमकी अडचण, असा नेमका मजकूर येतो. तो मजकूर वगळून कोणी गाऱ्हाणें घालूं लागला तर जमलेली माणसें 'व्हय' कशाला म्हणतील? सांचा हें भांडें आहे. मार्गदर्शक पुस्तकें भांडें घासून लखलखीत करून देतात आणि त्यांत कांहीं शिजवावयाचें असतें ही गोष्ट सांगावयास विसरतात.

परंतु सगळा दोष त्या पुस्तकांच्या कर्त्यांवर टाकून मला मोकळें होतां येत नाहीं. हा रोग शिकवणीवर्गांत जन्मलेला नाहीं. तो तेथें आमच्या महाविद्यालयांतून गेला आहे. लॅंबचे निबंध शिकवितांना मीं वर्षानुवर्षें टिपणें उतरवून दिलीं. त्यांत लॅंबच्या शैलीचे पांच विशेष असत, आणि लॅंब न वाचतांहि ते लिहितां येत. हस्तक्षेप न करतां इंग्रजी वापरण्याची, म्हणजे इंग्रजींत आपलें कांहीं न म्हणण्याची, संवय आम्ही प्राध्यापकांनींच लाविली. माझ्या विद्यार्थिनीचें वाक्य खोडणारी शाई मजजवळ फार दिवसांची होती.

या जिल्ह्याला तरी असें इंग्रजी शोभत नाहीं. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ च्या ६ जानेवारीस 'दर्पण' काढलें, तें इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत. इकडचें म्हणणें तिकडे आणि तिकडचें इकडे कळावें, हा त्यांतील हेतु त्या पानाच्या रचनेवरूनच दिसतो. १८३७ सालीं मालवणांत जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं संस्कृत शिकविण्यासाठीं इंग्रजींतून पुस्तकें लिहिलीं, आणि १८८६ सालीं व्हिएन्नाच्या प्राच्यविद्यापरिषदेंत ते युरोपीय पंडितांच्या बरोबरीनें बसले. या दोघांचें इंग्रजी शुद्ध होतें खरें; पण त्यांजजवळ सांगण्यासारखें कांहीं होतें म्हणून त्या शुद्धतेला किंमत आली. व्याकरणाचें महत्त्व मी कमी करीत नाहीं. औषधाचें प्रमाण चुकीच्या वाक्यांत लिहिलें गेलें तर रोग्याच्या जिवावर बेतेल. परिचारिकेकडून चांगल्या इंग्रजीची अपेक्षा करणें हा जुलूम नव्हे.

मात्र श्रेणीचा आंकडा म्हणजे योग्यतेचा आंकडा असें कोणीं मानूं नये. इंग्लंडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलनें डिसेंबर २०१८ पर्यंत लेखनांतहि ७ चा आग्रह धरला होता. नंतर तो ६.५ वर आणला. एका दिवसांत परिचारिकांचें इंग्रजी बदललें नाहीं; बदललें तें माप. आदल्या महिन्यांत अर्ध्या पायरीनें जी अपात्र ठरली, ती पुढल्या महिन्यांत पात्र ठरली असती. अशीं मापें माणसें ठरवितात, गरजेप्रमाणें ठरवितात, आणि गरज आपलीहि असते त्यांचीहि असते. मुलांच्या मनावर हें बिंबलें तर अपयशानें तीं इतकीं खचणार नाहींत.

कांहीं महिन्यांनीं ती पुन्हा परीक्षेस बसली. या खेपेस आम्ही चौकट ठेविली, पण आंतला मजकूर तिचा ठेविला. काळ सुधारले, अव्ययें सुधारलीं. म्हातारे गृहस्थ मात्र जागचे हलविले नाहींत. परीक्षेंत विषय अर्थात् निराळा आला; तरी स्वतःजवळचें उदाहरण शोधण्याची संवय तिच्या हाताला लागली होती. लेखनांत ६.५ मिळाले. एका उदाहरणानें सिद्धांत ठरत नाहीं हें मी जाणतों, आणि त्या यशांतील माझा वांटा मागण्याचा अधिकारहि मला नाहीं.

ती आतां इंग्लंडांत आहे. परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळविते. तिच्या आवशीला वळवावयास शेजारची एक बाई येते. जाण्यापूर्वीं आठ दिवस बसून तिनेंच त्या बाईला तें शिकविलें. तिच्या पहिल्या निबंधाचा निष्कर्ष हाच होता. परीक्षकाच्या दृष्टीस तो कधीं पडला नाहीं, आणि मीं तर तो खोडला होता. आतां माझ्याकडे निबंध तपासावयास येणाऱ्या मुलांना मी शब्द मोजण्यापूर्वीं एकच गोष्ट विचारतों: बाबा, यांत तूं कोठें आहेस? पुष्कळांना प्रथम राग येतो. मग तीं वही परत घेऊन जातात, आणि पुन्हा लिहून आणतात.