चक बेरीची शेवटची बैठक

‘चक’ या अल्बममधलं पहिलं गाणं ‘वंडरफुल वूमन’. ते सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यालाच वादक कोण ते कळतं. सुटा सूर छेडण्यापेक्षा दोन तारा एकदम वाजवायच्या, मधूनच एक तार ओढून शेजारच्या तारेच्या सुराला भिडवायची, आणि सूर पुरता जुळायच्या आत हात पुढे गेलेला असायचा, ही चक बेरीची 1955 पासूनची सही. इथे तरुण पिढीतला गॅरी क्लार्क ज्युनिअर सोबतीला आहे. त्याची गिटार लांब सूर धरते, दाट आणि जरा धुरकट. म्हातारा मात्र तुटक बोलतो. दोघांच्या वाजवण्यातला हा फरक झाकायचा प्रयत्न कुणी केलेला नाही, आणि गाण्याची खरी लज्जत तिथेच आहे.

बेरीचा ‘रॉक इट’ हा अल्बम 1979 सालचा. त्यानंतर नव्या गाण्यांचा अल्बम यायला 38 वर्षं लागली. बेरीने घोषणा केली ती नव्वदाव्या वाढदिवशी, 18 ऑक्टोबर 2016 ला. 18 मार्च 2017 ला तो गेला आणि जूनमध्ये अल्बम आला. आयुष्यभर हा माणूस गिटार उचलून एकटा गावोगाव जायचा. साथीला त्या त्या गावचे वादक, तालमीचं नाव नाही, बिदागी आधी हातात. इथे मात्र साथ घरची आहे. सेंट लुईसच्या ‘ब्लूबेरी हिल’मध्ये त्याने दोनशेहून अधिक कार्यक्रम केले, तिथलीच ही मंडळी. मुलगा चार्ल्स गिटारवर, मुलगी इन्ग्रिड हार्मोनिकावर, बेसवर कित्येक वर्षांचा सोबती जिमी मार्साला. गायक कुठे श्वास घेणार हे या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ठेका कुठे घाईला येत नाही.

‘लेडी बी. गुड’ नीट कान देऊन ऐकावं. ‘जॉनी बी. गुड’ (1958) ची सुरुवातीची गिटार आठवा. तिचं मूळ लुई जॉर्डनच्या 1946 च्या एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगनने वाजवलेल्या जागेत आहे. बेरीने ती उचलली आणि अशी काही पळवली की जग तिला त्याचीच मानतं. जुनं गाणं आपल्या हिशेबात काळी पाचच्या पट्टीतलं. मोकळ्या तारांवर खेळणाऱ्या गिटारवाल्याला ही पट्टी आडवीच. पण पियानोवाल्या जॉनी जॉन्सनच्या संगतीत घडलेला हात पियानोच्या सोयीने चालतो. 1977 मध्ये व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेलं ते हेच गाणं. (त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) नव्या गाण्यात बेरी मागे राहिलेल्या प्रेयसीची बाजू मांडतो. सुरुवात तशीच, चाल ओळखीची, म्हणजे ऐकणाऱ्याने जुन्या गाण्यातल्या जॉनीची वाट पाहावी. आणि पुढे येते ती. आजोबा, मुलगा, नातू अशा तिघांच्या गिटारी इथे आहेत. जुन्याच मुखड्यावर नवा अंतरा बांधावा तसा हा डाव, आणि स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याशी खेळायला बेरी कचरलेला नाही.

‘जमैका मून’ म्हणजे 1956 च्या ‘हवाना मून’चा नवा अवतार. त्याला मी इतके गुण देणार नाही. जुन्यातला रात्रीचा एकटेपणा इथे पातळ झालाय. ‘बिग बॉइज’मध्ये पाहुणे फार आहेत, गाणं मात्र सोपं. ‘थ्री क्वार्टर टाइम’ हे टोनी जो व्हाइटचं गाणं श्रोत्यांसमोर रंगलेलं. तीन मात्रांच्या झुलत्या लयीत चावट म्हातारा लोकांना हसवतो, आणि ते हसू ध्वनिमुद्रणात तसंच राहू दिलंय हे फार बरं.

‘डार्लिन’’मध्ये बाप लेकीला सांगतो की मी आता म्हातारा होत चाललोय. विषय असा, की जरा हात सैल सुटला तर रडगाणं व्हावं. बेरी शब्द ओढत नाही, कंप वाढवत नाही. गायक नॅट किंग कोलच्या स्वच्छ उच्चारांवर पोसलेली ही जीभ. आवाज खरखरीत झाला तरी व्यंजनं अजून कोरलेली. इन्ग्रिडचा सूर बापाच्या सुराला लागून येतो, वर चढून बसत नाही. एवढा संयम घरातल्या माणसांत क्वचित दिसतो!

आणि ‘डचमन’. इथे तो गातच नाही. ब्लूजच्या संथ चालीवर एका गुत्त्यात शिरलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. वाक्य ठेक्याच्या जरा मागे ठेवायचं, गिटारने मध्येच हुंकार द्यायचा, मग पुढचं वाक्य. ज्याच्या गाण्यांत मोटारी, शाळा आणि पोरीबाळी गोष्टीतल्या पात्रांसारख्या वावरल्या, त्याचा मूळ पिंड कथेकऱ्याचा होता. अल्बम शांतपणे ऐकणार असाल तर सुरुवात पहिल्या गाण्याने न करता याच गाण्याने करा, आणि हेडफोन लावून. स्पीकरवर त्याचे अर्धे विराम हरवतात.